फोर्थ ऑफ जुलैला घर कसं सजवायचं? स्वस्तातल्या आणि सोप्या आयडिया हव्यात

मोगरा_एनजे

नमस्कार मंडळी, आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीत टाउनहाऊस घेतलं, त्याआधी सगळी वर्षं अपार्टमेंटमध्येच गेली त्यामुळे फोर्थ ऑफ जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) म्हणजे चादर घेऊन पार्कात जायचं, फटाके बघायचे आणि ट्रॅफिकमध्ये अडकून घरी यायचं एवढंच माहीत. इथे मात्र मे अखेरच्या मेमोरियल डेपासूनच गल्लीत घराघरासमोर काही ना काही लागलंय, समोरच्या आजींनी तर अख्ख्या पोर्चला लाल-निळ्या झालरी लावल्यात आणि आमचंच घर ओकंबोकं. लेक रोज विचारते आई आपण कधी लावायचं. त्यात यंदा 2026, म्हणजे स्वातंत्र्याला 250 वर्षं, 4 तारीख नेमकी शनिवारी आलीय, टाउनची परेड आमच्या कोपऱ्यावरून जाते आणि नंतर नवऱ्याच्या ऑफिसातले काही जण आणि दोन मराठी कुटुंबं जेवायला येणार आहेत.

बजेट 50-60 डॉलर. बाहेर विनाइल साइडिंग (भिंतीवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या) आहे, भोकं पाडायची नाहीत. एचओए म्हणजे घरमालकांची सोसायटी आहे (आणि भलतीच कडक आहे). गणपतीच्या मखराचं सामान बेसमेंटमध्ये पडून आहे, दिव्यांच्या माळा, पांढरी नेट, कागदी फुलं वगैरे, त्यातलं काही खपेल का?

आणि एक जरा बावळट शंका, आम्ही अजून एच-वन व्हिसावरच आहोत, अमेरिकेचा झेंडा लावला तर ते उगाच नाटकी वाटेल का?

---

अटकेपार_एडिसन

अभिनंदन नव्या घराचं! शंका अजिबात बावळट नाहीये पण उत्तर सोपं आहे, झेंडा लावायला पासपोर्ट कुणी विचारत नाही. लावावासा वाटला तर लावा, नाही वाटला तर नुसत्या रंगांनीही घर मस्त दिसतं.

आता कामाचं. विनाइल साइडिंगसाठी स्टीलचे चपटे हुक मिळतात, नो-होल साइडिंग हुक म्हणून मागा. दोन पट्ट्या जिथे एकावर एक येतात त्या फटीत वरच्या बाजूला सरकवायचे की घट्ट बसतात, भोक नाही गोंद नाही. ते चिकटवायचे प्लॅस्टिकचे हुक बाहेर वापरू नका, जुलैच्या उन्हात साइडिंग एवढी तापते की दुपारपर्यंत माळ खाली आलेली असते. रेलिंगला सरळ झिप टाय.

समोरच्या आजींनी लावल्यात त्या अर्धगोल चुणीदार झालरी असणार, कापडाच्या घ्या, प्लॅस्टिकच्या दिसायला स्वस्त दिसतात आणि वाऱ्यात फडफड आवाज करतात. एक गोष्ट लोक करत नाहीत, ती म्हणजे झालरीची खालची टोकंपण बांधायची, नुसती वरची बांधली की पहिल्या वाऱ्यालाच सगळी उलटी होऊन रेलिंगवर बसते. तुमच्या पोर्चला तीन पुरतील.

एचओएचं म्हणाल तर 2006 पासून फेडरल कायदा आहे, घरमालकाला अमेरिकेचा झेंडा लावायला एचओए सरसकट बंदी करू शकत नाही, पण कुठे, कसा, किती मोठा याचे वाजवी नियम करू शकते. तो कायदा फक्त झेंड्यापुरता आहे, झालरी आणि माळांना लागू नाही. शिवाय टाउनहाऊसमध्ये बाहेरची भिंत बऱ्याचदा एचओएच्याच मालकीची असते, त्यामुळे एक ईमेल टाकून विचारून घ्या, नंतर नोटीस आली की मूड जातो.

---

कोकणकडा

वर सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त झेंड्याबद्दल लिहितो कारण इथे भले भले अमेरिकनसुद्धा वाट्टेल ते करतात. इथेही फ्लॅग कोड, म्हणजे झेंड्याची नियमावली आहे, 1942 साली अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) मंजूर केलेली. मोडला म्हणून घरच्या माणसाला शिक्षा वगैरे नाही, पण निदान आपण लावतोय तर नीट लावावं.

झेंडा एकच ठेवा पण चांगला, 3 बाय 5 फुटांचा नायलॉनचा. काठी आणि ब्रॅकेटसकट 25-30 डॉलरच्या आसपास बसतो, भोक नको असेल तर रेलिंगला क्लॅम्पने बसणारं ब्रॅकेट घ्या. सूर्योदयाला लावायचा, सूर्यास्ताला काढायचा. रात्री ठेवायचा असेल तर त्याच्यावर उजेड पाहिजे, छोटा सोलर दिवा लावला की झालं. नायलॉनचा झेंडा पावसात चालतो, सुती असेल तर आत घ्या.

भिंतीवर किंवा खिडकीत लावणार असाल तर ताऱ्यांचा निळा चौकोन वर आणि बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, मग झेंडा आडवा लावा नाहीतर उभा. खिडकीत लावताना लोक घोळ घालतात कारण ते घरातून बघून लावतात. रस्त्यावर उभं राहून बघायचं, तिथून डावीकडे आला पाहिजे. परेड तुमच्या कोपऱ्यावरून जाणार म्हणताय तर हे नक्की तपासा 😀

आणि झेंड्याची झालर करायची नाही, टेबलावर टाकायचा नाही, पडदा करायचा नाही. सजावटीसाठी वेगळं लाल-पांढरं-निळं कापड असतं, त्यातही निळा वर, मध्ये पांढरा, खाली लाल असा क्रम सांगितलाय. झेंडा छापलेले पेपर नॅपकिन दुकानात ढिगाने मिळतात पण कोडात ते स्पष्ट नको म्हटलंय, वापरून फेकायच्या वस्तूवर झेंडा छापू नये असं. आपल्याकडेही रुमाल-उशीवर तिरंगा चालत नाहीच, त्यामुळे आपल्या लोकांना हे पटकन पटतं. नुसते लाल आणि निळे साधे नॅपकिन घ्या, स्वस्तही पडतात.

---

खोचक_सदाशिव

म्हणजे आता गुढीपाडव्याला गुढी उभारायला वेळ नाही, एचओए काय म्हणेल म्हणून बाल्कनीत लपवून उभारायची, आणि यांच्या सणाला मात्र अख्खं पोर्च झालरी! चालू द्या.

---

अटकेपार_एडिसन

@खोचक_सदाशिव आमच्याकडे गुढी दारातच असते हो, शेजारचा दरवर्षी येऊन विचारतो तांब्या उलटा का. दोन्ही करता येतं. पोरगी इथे शाळेत जाते, तिच्या मैत्रिणींच्या घरी सजावट आहे, तिला हवीय, एवढं साधं आहे ते.

---

बुंदीपाडू

मखराचं सामान म्हटलं आणि मला राहवेना. पांढरी नेट रेलिंगवर सैल सैल लपेटा, मध्ये मध्ये लाल आणि निळ्या सॅटिनच्या रिबिनीने बांधा, आतून पांढऱ्या दिव्यांची माळ सोडा. झालं. पण दिव्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका, इकडे न्यू जर्सीत जुलैच्या सुरुवातीला सूर्यच साडेआठला मावळतो, नऊच्या आधी दिवे दिसत नाहीत आणि तोपर्यंत सगळे फटाके बघायला पळालेले असतात. केशरी झेंडूच्या माळा मात्र 15 ऑगस्टला ठेवा, यात त्या भलत्याच वाटतील.

लेकीला कामाला लावायचं तर पताका! शाळेत 26 जानेवारीला करायचो तशाच, फक्त कागदाच्या नकोत. क्रेप पेपर तर बिलकुल नको. इथे जुलैत संध्याकाळी वळवासारखा धो धो पाऊस येतो, आमच्या ओळखीच्यांकडे लाल क्रेप भिजून पांढऱ्या साइडिंगवर असे ओघळ उतरले की पॉवर वॉश करूनही गुलाबी छटा राहिली. त्याऐवजी लाल आणि निळे बंडाना म्हणजे चौकोनी रुमाल घ्या (डॉलर ट्री दुकानात बघा आधी), कर्णावर कापले की एकाचे दोन त्रिकोण, पांढऱ्यासाठी जुनी चादर नाहीतर पंचा. नागमोडी कात्रीने कापलंत तर धागे सुटत नाहीत, शिवायची गरजच नाही. वरची कड सुतळीवर दुमडायची आणि फॅब्रिक ग्लू. मैद्याची खळ लावायचा मोह आवरा, मुंग्या येतात.

उरलेल्या जाड कागदाचे तारे करा आतल्या हॉलसाठी. पहिला अमेरिकन झेंडा शिवला म्हणतात त्या फिलाडेल्फियाच्या बेट्सी रॉसची गोष्ट लेकीला शाळेत सांगितली असेलच, तिने म्हणे जॉर्ज वॉशिंग्टनसमोर कागद घडी घालून एकाच कात्रीत पाच टोकी तारा कापून दाखवला. गोष्टीला पुरावा नाही, 1870 मध्ये तिच्या नातवाने पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली, पण एका कात्रीत तारा खरंच होतो, व्हिडिओ बघून करा, पोरं वेडी होतात.

आणि हे माझं लाडकं, आकाशकंदील! चांदणीच्या आकाराचा कंदील पांढऱ्या कागदाचा करा, खाली लाल-निळ्या झिरमिळ्या सोडा. पोर्चच्या छताखाली टांगा म्हणजे भिजणार नाही. अख्ख्या गल्लीत तसा दुसरा कुणाकडे नसेल.

---

सुगरण_सॅनहोजे

मी कॅलिफोर्नियातून. बाहेर आम्ही कागद-गवत-फटाके काहीच ठेवत नाही, सगळं वाळून कोळ झालेलं असतं आणि आमच्या शहरात फटाक्यांना बंदीच आहे, त्यामुळे माझी सगळी हौस टेबलावर. तेच सांगते.

टेबलावर पांढरी चादर, मध्ये निळा लांब पट्टा, काचेच्या बरण्यांत लाल-पांढरी फुलं. एवढं पुरे कारण खरी सजावट खाण्याची. पेयांच्या तीन बरण्या एका ओळीत मांडायच्या, कोकम सरबत लाल, मसाला न घातलेलं ताक पांढरं आणि गोकर्णाच्या सुक्या फुलांचं गार पाणी निळं. गोकर्ण ऑनलाइन मिळतं, उकळत्या पाण्यात टाकलं की दोन मिनिटांत शाईसारखा रंग. त्यात साखर घाला पण लिंबू आधी पिळू नका, जांभळं होतं. लिंबाच्या फोडी बाजूला ठेवायच्या आणि पोरांना ग्लासात स्वतः पिळू द्यायच्या, अर्धा तास दुसरं काही लागत नाही त्यांना.

गोडाला श्रीखंड. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगून चक्का करा, केशर नको, वेलची चालेल. ट्रेमध्ये पसरून वर ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी. तुम्ही तर न्यू जर्सीत, हॅमंटनच्या ब्लूबेरी ऐन सीझनमध्ये असतील, मजा आहे. फळं वाढायच्या जरा आधी लावा, स्ट्रॉबेरीला पाणी सुटून श्रीखंड गुलाबी होतं. ट्रे बर्फावर ठेवा, बाहेर उन्हात दह्याचं काही फार वेळ ठेवू नये.

---

मोगरा_एनजे

बापरे किती छान छान उत्तरं, सगळ्यांना थँक्यू! एचओएला ईमेल टाकला. लेक कंदिलावर एकदम खूश, आजच पुठ्ठा आणला.

अजून दोन प्रश्न. ड्राइव्हवेवर रांगोळीने झेंडा काढला तर? आणि सासरे येतायत जूनअखेर, ते म्हणतात अमेरिकेचा लावताय तर शेजारी आपला तिरंगापण लावा. चालतं का?

---

कोकणकडा

रांगोळीत झेंडा नको, जमिनीवर येतो आणि कुणाचा ना कुणाचा पाय पडतोच, परेडच्या दिवशी तर नक्की. ठिपक्यांची रांगोळी काढा, नाहीतर फटाका फुटल्यासारखी मधून बाहेर जाणारी नक्षी काढा लाल-पांढऱ्या-निळ्यात. डांबरी ड्राइव्हवे असेल तर पांढरी रांगोळी सुंदर उठते. सकाळी काढताना स्प्रिंकलरचा टायमर बंद करायला विसरू नका. वाऱ्याचा अंदाज असेल तर खडूची पूड पाण्यात कालवून ब्रशने रंगवा, ती उडत नाही.

तिरंगा चालतो. दोन वेगळ्या काठ्या, सारखी उंची, साधारण सारखा आकार, एकाच काठीवर वर-खाली अजिबात नाही. अमेरिकेचा बघणाऱ्याच्या डावीकडे. पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर 4 जुलैला एकच ठेवा, 15 ऑगस्टला तिरंगा दिमाखात लावा आणि सासऱ्यांना एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या इंडिया डे परेडला घेऊन जा. तोपर्यंत राहणार असतील तर.

---

खोचक_सदाशिव

सासऱ्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे याची नोंद घ्यावी. आणि फुलबाज्यांचं कुणीच कसं बोललं नाही? दिवाळीच्या उरलेल्या काढा की.

---

अटकेपार_एडिसन

न्यू जर्सीत 2017 पासून फुलबाज्या कायदेशीर आहेत, 16 वर्षांखालच्यांना विकत नाहीत. मॅसेच्युसेट्समध्ये मात्र फुलबाजीसुद्धा बंद, तिकडचे कुणी वाचत असतील तर सांभाळून. फक्त नेट, पताका आणि कंदील यांच्यापासून लांब, ड्राइव्हवेच्या टोकाला, पाण्याची बादली जवळ ठेवून. नेट भुर्रकन पेटते.

आणि जास्तीच्या झालरी आत्ता घेऊ नका, 5 तारखेला दुकानात निम्म्या किमतीत पडलेल्या असतात, पुढच्या वर्षीच्या तेव्हा घ्या. हॉबी लॉबी दुकानात जाणार असाल तर 5 ला रविवार आहे, ते रविवारी बंद असतात, सोमवारी जा.