चार वर्षांच्या मुलाचं वजन: कमी करायचं की फक्त रोखायचं?

अनुजा_क:
मुलगा नुकताच ४ वर्षांचा झाला. उंची १०४ सेंमी, वजन १९ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १७.६. मोठ्यांच्या तक्त्यात हा आकडा चक्क 'कमी वजन' दाखवतो. घरात दोन मतं आहेत : बाळसं आहे, आपोआप झडेल, किंवा आत्तापासूनच खाणं कमी करा. झोप रात्री ११ ते सकाळी ७, दुपारी झोपत नाही. स्क्रीन रोज दीड-दोन तास. साखर घातलेलं दूध २५० मिलीचे तीन पेले. सुरुवात कुठून करावी?

वाढीचा_आलेख:
मोठ्यांचा तक्ता आधी बाजूला ठेवा, तो या वयाला लागूच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार ४ वर्षांच्या मुलग्याचा मध्यम बीएमआय १५.३, +१ एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे मध्यापासून किती दूर याचं माप) म्हणजे १६.७, +२ म्हणजे १८.२, +३ म्हणजे १९.९. पाच वर्षांखाली +२ च्या वर 'जास्त वजन' आणि +३ च्या वर 'लठ्ठपणा' धरतात. तुमचा मुलगा +१ आणि +२ च्या मध्ये, म्हणजे जोखमीच्या पट्ट्यात आहे.

उंची मात्र पुन्हा मोजा. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर, डोक्यावर सपाट पुठ्ठा काटकोनात. टाचा उचलल्या गेल्या असतील आणि खरी उंची १०२ असेल, तर बीएमआय १८.३ होतो आणि रेषा ओलांडली जाते. दोन सेंटीमीटरच्या चुकीने निदान बदलतं!

'बाळसं झडेल' हे अर्धंच खरं. पहिल्या वर्षानंतर बीएमआय घटत जातो आणि साधारण ५-६ वर्षांच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. ही चढण लवकर सुरू झाली तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. म्हणून लसीकरणाच्या कार्डावरची जुनी वजनं-उंची काढून आलेखावर मांडा. आजच्या एका आकड्यापेक्षा रेषेची दिशा जास्त सांगते.

आणि वजन उतरवायचं नाही. वर्षभरात उंची साडेसहा सेंमी वाढली आणि वजन फक्त १ किलोने वाढलं, तरी बीएमआय १६.४ वर येतो. उपाशी ठेवायची गरजच नाही.

मैदानी:
सुरुवात झोपेपासून करा. या वयाला २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते. इथे ८ आहे. उठण्याची वेळ तीच ठेवून झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, ९ पर्यंत. त्याआधी तासभर स्क्रीन बंद. एकूण स्क्रीन दिवसाला तासाभराच्या आतच हवा, कमी तितका बरा. झोप अपुरी राहिली की भूक वाढते आणि दुसऱ्या दिवशी मूल खेळायलाही कंटाळतं, त्यामुळे बाकीचे उपाय फसतात.

हालचाल दिवसभरात १८० मिनिटं, त्यातली किमान ६० धाप लागेल अशी, पण तुकड्या-तुकड्यांनी. या वयाची मुलं धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. सलग अर्धा तास पळवणं चुकीचं आहे. जमिनीवर खडूने रेघा आखून दोन्ही पायांनी उडी मारू द्या, उतरताना गुडघे वाकलेले. चेंडू उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे. चौथ्या वर्षी एका पायावर थोडं उडता यायला हवं.

'आउट' होण्याचे खेळ टाळा. जड मूल सगळ्यात आधी बाद होतं आणि ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज तेच बसून राहतं. अशी मुलं उडीत, धावण्यात मागे पडतात, पण मुठीच्या पकडीत बहुधा पुढे असतात. म्हणून ओढणं, ढकलणं, भरलेली टोपली वाहून नेणं यापासून सुरुवात केली की 'मला जमतं' ही भावना येते.

अनुजा_क:
धन्यवाद. दूध एकदम कमी केलं तर कुपोषण नाही ना होणार?

ताटवाटी:
नाही. ७५० मिली हेच जास्त आहे; ४०० ते ५०० पुरे. पोट दुधाने भरलं की लोह असलेलं जेवण मागे पडतं, रक्त कमी होतं आणि मूल आणखी मलूल होतं. साखर प्रत्येक पेल्यात दोन चमचे असेल तर दिवसाला शंभराच्या आसपास जादा उष्मांक नुसत्या साखरेचे. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, चवीची सवय तशी सहज बदलते.

काय, कधी आणि कुठे खायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं हे त्याला ठरवू द्या. ताट संपवण्याची सक्ती केली की पोट भरल्याची जाणीव बोथट होते. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. गोड पदार्थ बक्षीस म्हणून नकोत. आणि नियम सगळ्या घराला सारखे. त्याच्या एकट्याच्या वाटीत वेगळं दिसलं की तो लपवून खायला शिकतो.

वाढीचा_आलेख:
मोजमाप तीन महिन्यांनी, दर आठवड्याला नको. वजन वाढतंय पण उंची थबकली आहे, झोपेत मोठं घोरताना श्वास अडकतो, जेवूनही भूक शमतच नाही किंवा चालताना लंगडतो, यातलं काहीही दिसलं तर तीन महिने थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या खाण्यामुळे वाढलेल्या वजनात मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं; बुटकं आणि जड मूल असेल तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांची तपासणी लागते.