गेन वाढवला की कॉर्डचा गिचका होतो: अँप बदलू का?

सहा_तारा, सोलापूर
इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिजजवळचा सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) काढून सिरॅमिक मॅग्नेटचा हमबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) बसवला. मीटरवर १५ किलोओहम दाखवतो, जुना ६ दाखवायचा. अँप १५ वॅटचा, ट्रान्झिस्टरवाला. गेन (अँपमध्ये शिरणारा सिग्नल वाढवणारा नॉब) ७ वर एकेक सूर झकास, पण पूर्ण कॉर्ड वाजवली की सगळा गिचका. क्लीन चॅनलवरही जोरात वाजवलं की आवाज फुटतो. शिवाय खोली अक्कलकोट रोडला, भिंतीपलीकडे यंत्रमाग. नेकजवळच्या पिकअपवर (तो अजून सिंगल कॉइलच आहे) भयंकर घरघर येते.

खर्जप्रेमी
अँप राहू द्या, आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पिकअप तारांपासून खाली उतरवा. पिकअप इतका सिग्नल देतोय की अँपच्या पहिल्याच टप्प्यात लाटेचे माथे छाटले जातात. त्यापुढे गेन वाढवून आवाज फारसा मोठा होत नाही, नुसता चिरडतो. हलका आणि जोराचा स्ट्रोक सारखेच वाजू लागतात. शिवाय अनेक सूर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर निघतात, तोच तुमचा गिचका. म्हणून तर पॉवर कॉर्ड (फक्त मूळ सूर आणि त्याचा पंचम) स्वच्छ येते आणि मेजर-मायनर बिघडते.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पोलच्या (पिकअपवरच्या धातूच्या खुंटीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड तारेखाली ३ मिमी, बारीक तारेखाली २.५ मिमीपासून सुरुवात करा. पिकअपच्या उंचीचा स्क्रू एका वेळी अर्धाच फेरा फिरवा आणि दर वेळी तीच कॉर्ड वाजवून ऐका. मग गेन ४ वर ठेवा, आवाजाचा मोठेपणा मास्टर व्हॉल्यूमकडून घ्या.

वेढे_मोजणारा
किलोओहमवरून आउटपुट ठरवू नका. कॉइलची तार बारीक असेल तर तेवढ्याच वेढ्यांना आकडा जास्त दिसतो, आणि मॅग्नेटचा जोर मीटरला कळतच नाही. वेढे वाढले की इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा अडथळा) वाढतो आणि वरची चमक जाते. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये बहुधा २५०के (२५० किलोओहम) चे पॉट, म्हणजे नॉबखालचे बदलते रोधक, असतात, ते उरलीसुरली चमकही खातात. व्हॉल्यूमला ५००के लावा. नेकचा सिंगल कॉइल त्यावर जरा चिरका होईल, तिथे टोन ७ वर आणा.

अँपचा बास नॉब गेननंतर असेल तर तो कमी करून गिचका जात नाही, कारण तोवर छाटणी झालेली असते. खर्ज अँपच्या आधीच कापायला हवा.

सहा_तारा
तारांना हात लावला की घरघर कमी होते. हे ठीक आहे ना?

खर्जप्रेमी
हो, म्हणजे ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे. हात लावल्यावर वाढली असती तर जॅकवर वायरी उलट आहेत का ते पाहायला लागलं असतं. उरलेली घरघर यंत्रमागांच्या मोटारींच्या चुंबकीय क्षेत्रामुळे. सिंगल कॉइल ती पकडतो, गेन तिला सिग्नलसोबतच मोठी करतो. बसल्या जागी गिटार हळूहळू फिरवा, एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होईल. खुर्ची त्या दिशेने ठेवा. आणि घरघर घालवायला प्लगची अर्थची पिन कोणी काढायला सांगितली तर अजिबात काढू नका. एक हात तारांवर, ओठ माइकला, अशा वेळी जीवघेणा शॉक बसतो.