जुनी लष्करी ठासणीची बंदूक: रेंजवर उडवायची की कपाटात जपायची?

तीनपट्टी
पुण्यात आणि आसपासच्या जुन्या वाड्यांत, इनामदारांच्या घरांत ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, लष्करी बंदुका अजून आहेत. त्यांत १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड आणि तिची भावंडं भेटतात. माझं मत: जी बंदूक परवान्यावर नोंदलेली आहे आणि तपासणीत उतरते, ती वर्षातून दोन-चारदा उडवलीच पाहिजे. .३०३ ली-एनफिल्ड, .४५५ वेब्ली वगैरे इथं काढू नका. ते प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) आहेत, साध्या परवान्यावर मिळत नाहीत.

कारण असं, की न उडवलेली बंदूक कोणी उघडत नाही. वरून पुसलेली नळी चकचकीत दिसते, पण गंज बसतो नळीच्या खालच्या अंगाला, लाकडात दडलेल्या भागात. निपलचे (ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते ती बोंडी) आटे जाम होतात, लॉकमधल्या (घोडा-चापाच्या यंत्रणेतल्या) जुन्या तेलाचा डिंक होतो. उडवणारा माणूस दर वेळी तिन्ही पट्ट्या सोडवतो, नळी बाहेर काढतो, धुतो, पाहतो.

शिवाय ३९ इंची नळी, .५७७ चं बोअर, तीन पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) आणि ७८ इंचांत एक फेरा हे आकडे पाठ करून काही कळत नाही. एका बाराची सरकारी भरती अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेन, सुमारे ४.४ ग्रॅम दारू आणि ५३० ग्रेनची, म्हणजे ३४ ग्रॅमची गोळी. एवढा जड शिशाचा गोळा इतक्या सावकाश पिळात नेम का धरतो, हे निशाण्याचा कागद दाखवतो. ५० मीटरवर मारायला त्या भरतीपेक्षा बरीच कमी दारू पुरते, त्यामुळे नळीवर ताणही कमी येतो.

रंजकदाणी
'तपासणीत उतरते' हे दोन शब्द सहज लिहिलेत. कोणाच्या तपासणीत? इंग्लंडात लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाउस आहेत, तिथं जुनी नळी जास्त भरतीनं तपासून नवा शिक्का मारतात. इथं तुमचा भरवसा कोणावर? ओळखीच्या कारागिरावर!

ही नळी घडीव लोखंडाची. त्यात मळीच्या रेघा असतात, जोड असतो. मागची बूच आट्यांनी बसवलेली. दीडशे वर्षांत त्या आट्यांत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, आणि बूच उघडायला गेलात तर तीच मोडायची शक्यता जास्त. म्हणजे तपासणी अर्धवट राहते किंवा तपासणीच नुकसान करते.

सुट्या भागांचं काय? एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातले भाग यंत्रावर एकसारखे बनले, एकाचा दुसऱ्याला बसतो. लॉकवर 'टॉवर' लिहिलेली बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांची बंदूक असेल तर प्रत्येक भाग हातानं घासून बसवलेला. तिचा घोडा तडकला तर दुसऱ्या टॉवरचा आणून बसत नाही. मोडलं की गेलं.

उडवायची हौस आहे ना? नवी एस.बी.एम.एल. (एकनळी ठासणीची बंदूक) घ्या आणि धूर काढा.

नियमावली
आधी कायदा, मग भांडा.

१. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५: जुन्या नमुन्याचं किंवा पुरातन मोलाचं शस्त्र, जे दुरुस्त करूनही उडू शकत नाही, त्याला सूट. 'दुरुस्त करूनही' हे शब्द लोक वाचतच नाहीत. निपल काढून ठेवली म्हणजे बंदूक निकामी झाली नाही.

२. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीनं 'क्युरिओ' (संग्राह्य जुनी वस्तू) वर्गातली लहान शस्त्रं बाळगायला परवाना लागत नाही. पण चालवायला, अंगावर घेऊन जायला, दुसरीकडे हलवायला लागतो. आणि परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल तर दारूगोळा विकत मिळत नाही. आपली बंदूक त्या वर्गात बसते की नाही हे स्वतः ठरवू नका, परवाना शाखेकडून लेखी घ्या. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.

३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच बंदुका. पूर्वी तीन चालायच्या. त्यामुळे 'नवी एस.बी.एम.एल. घ्या' हा सल्ला ज्याची जागा भरलीय त्याच्या कामाचा नाही.

४. वरातीत, दसऱ्याला हवेत बार काढणं: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठासणीची असली तरी.

५. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवता येत नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा. अमेरिकेतल्या पुतण्याला भेट द्यायचा विचार सोडा.

शुक्रवारपेठी
दोघंही उडवणं-न उडवणं यावर अडलात. भिंतीवर टांगलेल्या कित्येक बंदुका भरलेल्या असतात, हे आधी सांगा! पूर्वी भरून ठेवत, मग तो माणूस जाई आणि पुढच्या पिढीला पत्ता नसे. काळी दारू कोरडी राहिली तर वयानं मरत नाही. शंभर वर्षांनीही पेटते.

तपासायची रीत. लोखंडी गज नको, लाकडी किंवा पितळी काठी घ्या. तोंडापुढे न उभं राहता ती नळीत अलगद शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा, खूण तोंडाशी जुळवा. टोक निपलच्या बुडापर्यंत, किंवा तोड्याच्या (जळत्या वातीच्या) बंदुकीत कान्यापर्यंत (बत्ती द्यायच्या भोकापर्यंत) पोचलं तर नळी रिकामी. दोन-पाच सेंटिमीटर अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. ती दारू-गोळी असेल, चिंधी असेल, गांधीलमाशीचं घरही असेल. भरलेलीच समजायची.

मग? निपलवर टोपी असेल तर घोडा धरून ती उतरवा. यापलीकडे घरी काही करू नका. गजानं ठोकायचं नाही, ड्रिल लावायचं नाही, गरम करायचं नाही. परवानाधारक कारागीर निपल काढून तिथून आणि तोंडातून पाणी किंवा पातळ तेल सोडतो, दारू भिजवतो, मग गोळीत स्क्रू घालून ओढतो. वेळ लागतो, लागू दे.

तीनपट्टी
@शुक्रवारपेठी, हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं, खरंय.

@रंजकदाणी, तपासणी म्हणजे मला काय अभिप्रेत आहे ते सांगतो. मोबाइलला जोडायचा साडेपाच मिलिमीटरचा बोअरस्कोप लागतो, तो महाग नाही. बुडाकडचे शेवटचे दहा इंच नीट बघायचे, कारण सगळा दाब तिथं येतो. पुढच्या भागात बारीक खड्डे असले तर गोळीचा नेम बिघडतो. बुडाजवळ खोल खड्डे असले, किंवा निपल जिथं बसते त्या उंचवट्याच्या जोडाला केसाएवढी रेघ असली, तर बंदूक भिंतीवर. तिथं मी तुमच्याच बाजूचा आहे.

घोडा अर्ध्यावर ओढून चापावर नेहमीचा दाब द्या. सुटला तर खाच झिजलीय. निपलचं भोक पाहा. झिजून मोठं झालं की बार उडताना गॅस उलटा येतो, घोडा मागे फेकला जातो, कधी अर्ध्या खाचेवर जाऊन बसतो. निपल बदलणं स्वस्त आहे, पण आटे मोजून, जुळणारीच घ्यायची. ढिली बसणारी निपल टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून बसवणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये उभं राहू नका.

आणि पीळ आहेत का ते बघा. १८५७ नंतर देशी पलटणींना पीळ काढून गुळगुळीत केलेल्या एनफिल्ड दिल्या. बाहेरून तीच बंदूक, आत बोअर मोठं, नळीची भिंत पातळ. तिच्यात मिनिए (बुडाला पोकळ, बार होताना फुगणारी) गोळी आणि पूर्ण भरती घालणं हा शुद्ध वेडेपणा.

गजगोळी
मी उडवण्याच्या बाजूचा. मिनिएबद्दल थोडं. शिसं मऊच हवं. चाकाच्या वजनाचं शिसं कठीण असतं, त्याचा पोकळ घेर फुगत नाही, पिळात बसत नाही, गोळी आडवी होऊन कागदावर लांबट भोक पडतं. गोळी नळीपेक्षा एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश लहान. जास्त लहान असली तर नळी खाली झुकवताच पुढे घसरते, आणि गोळी व दारू यांत पोकळी राहिली की नळीला कडं फुगतं. फुगलेलं कडं पूर्ववत होत नाही. म्हणून गजावर दोन खुणा: रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. दर वेळी बघायच्या.

वंगण मेण आणि तेलाचं. १८५७ मध्ये चरबीच्या काडतुसावरून रान पेटल्यावर शिपायांना आपलं वंगण आपण लावायची मुभा द्यावी लागली होती. मेण थोडं वाढवलं की पुण्याच्या मे महिन्यातही वितळून दारूत उतरत नाही.

आंतरराष्ट्रीय ठासणी स्पर्धांत अस्सल जुन्या बंदुकांचा वेगळा वर्ग आहे, नकलांचा वेगळा. ३० मिनिटांत १३ बार, त्यांतले उत्तम १० धरतात. जग अस्सल बंदुका उडवतंय.

रंजकदाणी
जगाकडे नकलाही आहेत, हे सोयीनं विसरलात. इटलीत बनलेली उत्तम नक्कल तिथं दुकानात मिळते. म्हणून अस्सल बंदुकीला आराम देता येतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. आपल्याकडे जे आहे तेवढंच आहे, आणि त्यातलं कमी होत जातंय. माझा मुद्दा उलट यातूनच पक्का होतो.

आणि उडवणार कुठं? बालेवाडीची रेंज ऑलिंपिक प्रकारांची, १०, २५, ५० मीटर, एअर आणि .२२ साठी. तिथं काळ्या दारूचा धूर आणि ५३० ग्रेनचं शिसं कोण घेईल? मुळशीतल्या शेतघरामागची टेकडी म्हणजे रेंज नव्हे. या बंदुकीची मागची माशी (नेम धरायची पट्टी) ९०० यार्डांपर्यंत, म्हणजे ८२० मीटरपर्यंत लावता येते. गोळी त्याच्याही पुढे जाते. मागं मातीचा भक्कम बांध नसेल तर गोळी पलीकडच्या वाडीत.

खडकीकर
दारूबद्दल कोणी नीट बोललंच नाही, आणि अपघात तिथंच होतात.

ठासणीत फक्त काळी दारू. १२ बोअरचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत ओतायची, हा प्रकार आपल्याकडे चालतो. खडकीच्या कारखान्याचं असो वा परदेशी, आजच्या काडतुसात धूरविरहित दारू असते. ती मापानं तेवढीच भरली तर दाब कितीतरी पटींनी चढतो. नळी फाटते, आणि हात-डोळे तिथंच असतात. फटाक्यांची दारू त्याहून वाईट. तिच्यात अॅल्युमिनियम असतं, ती जळत नाही, तिचा स्फोट होतो.

डबीतून सरळ नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत जिवंत असली तर अख्खी डबी हातात उडते. प्रत्येक बाराची दारू वेगळ्या छोट्या कुपीत, आधीच तोललेली. टोपी उडाली पण बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडे धरून किमान ६० सेकंद थांबा. दारू भरायच्या आधी, रिकामी नळी गवताच्या पात्याशी धरून नुसती एक टोपी उडवा. पातं हललं म्हणजे वाट मोकळी आहे.

शुक्रवारपेठी
खंडेनवमीचं एक सांगायचं राहिलं. हळद-कुंकू, ओलं गंध, झेंडू सगळं नळीवर, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच! ओल्या फुलाखाली एका रात्रीत तांबूस डाग पडतो. पूजा करा, पण नळीला आधी मेणाचा हात द्या, गंध कुंद्याला (बंदुकीच्या लाकडाला) लावा, संध्याकाळी पुसून घ्या. आणि रविवार पेठेत नेऊन बफिंग करून आणू नका. चकाकी येते, तारीख आणि शिक्के जातात, त्याबरोबर किंमतही. कुंद्याला व्हार्निश नको. कच्चं जवसाचं तेल, दोन थेंब तळहातानं चोळून.

तीनपट्टी
धुण्याचंही लिहितो. काळ्या दारूची राख तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते, आणि हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात सकाळी उडवून रात्रीपर्यंत ठेवली तर नळी लाल. नळी लाकडातून काढा, निपल काढा, बूड गरम पाण्याच्या बादलीत, वरून चिंधी लावलेला गज पंपासारखा वर-खाली. पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाण्यानं नळी तापते, म्हणून लगेच वाळते. मग तेल. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवा. तांबूस आली तर परत धुवा.

@रंजकदाणी, रेंजचा मुद्दा मान्य. योग्य बांध आणि परवानगी नसेल तर उडवायची नाही. पण त्यावरून उडवूच नये असं निघत नाही, रेंज हवी असं निघतं.

रंजकदाणी
तुमच्याच अटी मोजा. बुडाजवळ खड्डे नकोत, खाच झिजलेली नको, गुळगुळीत केलेली नको, परवान्यावर नोंद हवी, काळी दारू हवी, बांध असलेली रेंज हवी. यातून पुणे जिल्ह्यात किती बंदुका उरतील? त्या चार-दोन ज्या उरतील, त्याच सगळ्यात चांगल्या स्थितीतल्या असतील. आणि तुम्ही नेमक्या त्याच झिजवायला काढणार.

तीनपट्टी
हो, त्याच. खराब झालेली उडवायची आणि चांगली कपाटात, हा उलटा न्याय मला जमत नाही. वर्षाला वीस बारांनी मऊ शिशाची गोळी नळी झिजवत नाही. झिजवतो तो न धुतलेला बार आणि लोखंडी गजाची घासण. गजाला तोंडाशी पितळी मार्गदर्शक लावा.

नवशिका_कोथरूड
वाचतोय. एकच शंका, उडवली नाही तरी ठेवायची कशी? तोंड वर की खाली?

रंजकदाणी
तेल दिल्यावर पहिले दोन दिवस तोंड खाली, कागदावर. नाहीतर तेल बुडाशी उतरून निपलमधून कुंद्यात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ होतं. मग आडवी, दोन ठिकाणी आधार. घोडा चढवून ठेवू नका, कमान थकते. निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा खाली. लोकरी खोळ किंवा चामड्याची पेटी नको, ओल धरते.

तीनपट्टी
यावर आमचं एकमत. फक्त चामड्याचा तुकडा तेलात भिजवलेला ठेवा, कमावलेल्या चामड्यातला आंबटपणा निपलला खातो.