सिबोरियम: चषक की करंडा?

परवा वांद्र्याच्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या लेकीची फर्स्ट होली कम्युनियन होती, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा सोहळा. वेदीवर दोन सोनेरी पात्रं होती, मला सारखीच वाटली. मैत्रीण म्हणाली, एक चॅलिस, दुसरं सिबोरियम. चॅलिसला चषक म्हणता येईल. पण सिबोरियमचं काय? आणि हा शब्द आला कुठून?

– ताई, झाकण बघायचं! चॅलिस उघडा, त्यात द्राक्षारस. सिबोरियम झाकणाचं, त्यात होस्ट, म्हणजे गव्हाच्या पातळ गोल चकत्या. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, उरलेला ख्रिस्तप्रसाद त्यातच झाकून टॅबर्नॅकलच्या बंद कपाटात ठेवतात.

शब्दाची गंमत पुढे आहे. मूळ ग्रीक ‘किबोरिऑन’. कमळाच्या पाकळ्या गळल्या की देठावर झारीच्या तोंडासारखं भोकाभोकांचं बोंड उरतं ना, ते! कमळही आपलंच, ग्रीक लोक मात्र त्याला इजिप्तचा घेवडा म्हणत. बोंडाचा आकार पेल्यासारखा, म्हणून पेल्यालाही तेच नाव पडलं. होरेस या रोमन कवीने एका कवितेत सिबोरिया काठोकाठ भरायला सांगितलंय, तेही वारुणीने. म्हणजे मूळचा दारूचा पेला. पुढे लॅटिनमधल्या ‘सिबुस’ म्हणजे अन्न या शब्दाशी लोकांनी त्याचं नातं जोडलं आणि पेला भाकरीचं पात्र झाला. वेदीवरच्या चार खांबांच्या छत्रीलाही सिबोरियमच म्हणतात, ते वेगळंच.

मराठीत मी ‘करंडा’ म्हणेन. लहान, झाकणाचा, जपून ठेवायच्या वस्तूचा.

– करंडा म्हटलं की कुंकूच डोळ्यासमोर येतं हो. चर्चमध्ये कसं चालायचं?

– आणि चषक म्हटलं की वानखेडे! 2011 पासून तर विचारूच नका. संस्कृतात चषक मद्याचा आणि करंडक लहानशी पेटी. आपण एकाचा विश्वचषक केला, दुसऱ्याचा रणजी करंडक. दोघेही मैदानात गेलेले, तर वेदीवर का नकोत? बायबलच्या मराठी भाषांतरात साधा ‘प्याला’ आहे, तोही फारसीतून आलेला. कुणाचं काही अडलं नाही.

– चॅलिस म्हणजे आपला कलशच की! उच्चार बघा.

– चॅलिस लॅटिन ‘कालिक्स’वरून, अर्थ पेला. कलशाशी त्याची सोयरीक काही अभ्यासक मानतात, पण ती पक्की नाही. नुसत्या उच्चारावर जुळवायची तर इंग्रजी ‘मग’ आणि आपल्या ‘मग काय?’मधला ‘मग’ही भाऊ ठरतील.

– मैत्रिणीच्या आईंना विचारलं. त्यांना करंडा आवडला. चषक नको म्हणाल्या, घरात नातवाच्या क्रिकेटचे तीन आहेत.