मदत हवी आहे: जँगोचा (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) फॉर्म 'केंद्र' घेत नाही

खानापूरकर: सकाळपासून अडकलोय, उद्या दाखवायचं आहे. फॉर्मला 'केंद्र' पाठवलं की 'अनएक्स्पेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट' एरर, म्हणजे या नावाचं काही घेतच नाही म्हणतोय. फॉर्मच्या इनिटमध्ये (फॉर्म तयार होतो तिथं) सुपरच्या, म्हणजे मूळ क्लासच्या इनिटच्या, आधी 'केंद्र' पॉप केलंय (बाजूला काढून घेतलंय), तरी तेच. लगेच सांगा कुणीतरी.

टिळकवाडी: कसलं केंद्र? व्ह्यू (पान दाखवणारा कोड) फंक्शनचा की क्लासचा? क्लासचा असेल तर गेट_फॉर्म_केडब्ल्यूआर्ग्जमध्ये घाला, मी कायम तसंच करतो.

खानापूरकर: दूध संकलन केंद्र. नंदगडचं लॉगिन असेल तर नंदगडचेच सभासद यादीत यावेत. आता अख्खा तालुका येतोय. व्ह्यू फंक्शनचा.

निपाणीकर: हिडन फील्डमध्ये (पानावर न दिसणाऱ्या रकान्यात) केंद्राचा नंबर टाका नि मोकळे व्हा.

चिकोडी: असं नका सांगू हो. ब्राउझरमध्ये तो नंबर कुणीही बदलू शकतो. एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढलं तर बिल कोण भरून देणार? केंद्र लॉगिनवरूनच घ्यायचं.

निपाणीकर: आमच्याकडे तीन वर्षं तसंच चाललंय, काही झालं नाही.

चिकोडी: झालं नाही की कळलं नाही?

शहापूर: विषय वेगळा आहे, पण फॉर्मवरची कन्नड लेबलं (रकान्यांची नावं) जुन्या नुडी या कन्नड फाँटमध्ये टाइप करू नका, मोबाइलवर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडच वापरा.

खानापूरकर: लेबलं नंतर बघू. सभासदांचं सांगा.

टिळकवाडी: एररची शेवटची ओळ पूर्ण चिकटवा. कुणाचा इनिट म्हणतोय?

खानापूरकर: 'बेसफॉर्मसेट डॉट इनिट'.

टिळकवाडी: मग फॉर्मसेट (एकाच पानावर अनेक फॉर्म) आहे हे आधी सांगायचं की! पॉप केलंत फॉर्ममध्ये, 'केंद्र' दिलंत फॉर्मसेटला. तो पुढे पोचवत नाही. फॉर्मसेटला 'फॉर्म_केडब्ल्यूआर्ग्ज' द्या, त्यात डिक्शनरी: 'केंद्र' आणि त्याची किंमत. जँगो १.९ पासून आहे.

खानापूरकर: सकाळच्या पाळीला रांगेतल्या वीस जणांचं लिटर आणि फॅट एकाच पानावर भरायचं असतं, म्हणून फॉर्मसेट. सांगायचं राहिलं. यादी आता बरोबर येतेय! पण सेव्ह दाबलं की प्रत्येक ओळीवर 'सिलेक्ट अ व्हॅलिड चॉइस' एरर.

चिकोडी: पॉपला डिफॉल्ट नन (केंद्र आलं नाही तर 'काहीच नाही') दिलंय ना? पोस्टच्या वेळी (सेव्ह दाबून माहिती पाठवताना) केंद्र जात नाही, म्हणून यादी रिकामी. रिक्वेस्ट डॉट पोस्ट देता त्या ओळीतही तीच डिक्शनरी घाला. आणि पॉपचा डिफॉल्ट काढून टाका, म्हणजे विसरलं तर तिथंच एरर येईल.

खानापूरकर: झालं! नंदगडच्या सगळ्या ओळी सेव्ह झाल्या. आता जांबोटीच्या लॉगिनने बघूलालोय.