एपीआयची चाचणी आणि देखरेख : एक साधी फाइल पुरेशी आहे का?

धागाकर्ता

वेब एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे इंटरनेटवरून विनंती पाठवून उत्तर मिळवण्याची सोय) तपासण्यासाठी आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी बहुतेक लहान गटांना मोठ्या साधनाची गरज नसते, असे माझे ठाम मत आहे. एका मजकूर-फाइलमध्ये विनंत्या लिहाव्यात आणि प्रत्येक विनंतीखाली अपेक्षा नोंदवावी : स्टेटस कोड (विनंतीचे काय झाले ते सांगणारा सर्व्हरचा आकडा) २००, म्हणजे ‘यशस्वी’, असावा, उत्तरातील ‘रक्कम’ ही संख्याच असावी, उत्तर ८०० मिलिसेकंदांच्या आत यावे. ही फाइल कोडच्याच रेपॉझिटरीत (बदलांच्या इतिहासासह कोड ठेवण्याच्या जागेत) राहते, एका कमांडने चालते आणि तीच फाइल क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) दर पाच मिनिटांनी चालवली की देखरेखही होते. कर्ल या, टर्मिनलवरून वेब-विनंत्या पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या आधारावर उभे असलेले हर्ल हे मुक्त साधन नेमके एवढेच करते.

साधेपणाचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. एपीआयला विनंत्या पाठवून पाहण्याची पोस्टमन आणि इन्सोम्निया ही दोन लोकप्रिय साधने आहेत. २०२३ मध्ये पोस्टमनने स्क्रॅच पॅड हा खात्याविना चालणारा आपला भाग बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी इन्सोम्नियाच्या आठव्या आवृत्तीने लॉगिन मागायला सुरुवात केली. आपण जमवलेल्या विनंत्या दुसऱ्याच्या खात्यामागे अडकू शकतात, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा जाणवले. साध्या फाइलला ही भीती नाही.

प्रतिसाद १ (असहमत)

पोस्टमन आणि इन्सोम्निया या दोघांनीही पुढे खात्याविना वापरण्याची मर्यादित सोय दिली, हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. पण माझा मूळ आक्षेप ‘तीच फाइल’ या दोन शब्दांवर आहे.

चाचणी आणि देखरेख यांचे प्रश्नच वेगळे आहेत. मी केलेला बदल बरोबर आहे का, हे चाचणी विचारते. तिच्यासाठी नवी नोंद तयार करणे, ती बदलणे आणि शेवटी पुसणे हे सारे रास्त आहे. मी कशालाही हात लावलेला नसताना काही बिघडले का, हे देखरेख विचारते. ऑर्डर नोंदवणारी चाचणी तुम्ही चालू प्रणालीवर दर पाच मिनिटांनी चालवलीत, तर दिवसाला २८८ खोट्या ऑर्डरी तयार होतील, आणि पुसण्याची विनंती एखाद्या वेळी फसली की त्यातल्या काही महिनाअखेरच्या हिशेबात जाऊन बसतील. शिवाय चाचणी एकदा नापास झाली की काम थांबवणे योग्यच असते, पण देखरेखीत एका फसलेल्या विनंतीवर माणसाला मध्यरात्री उठवणे योग्य नसते. लागोपाठ दोन किंवा तीन फेऱ्या फसल्यावरच अलर्ट द्यावा, हा निर्णय कुठेतरी लिहावा लागतो, आणि तो विनंत्यांच्या फाइलमध्ये बसत नाही.

प्रतिसाद २ (धागाकर्त्याशी सहमत)

मी स्वतः हे भोगले आहे, म्हणून लिहितो. एका रात्री डेटाबेसमधील बदलानंतर आमचा शोधाचा एंडपॉइंट (एपीआयमधील शोधाच्या विनंत्या घेणारा पत्ता) प्रत्येक विनंतीला २०० हा कोड आणि सोबत रिकामी यादी पाठवत राहिला. पडद्यावर सारे हिरवे होते, कारण आमचा देखरेखीचा प्रोग्राम फक्त स्टेटस कोड पाहत होता. सकाळी वापरकर्त्यांच्या तक्रारी आल्या, तेव्हा कुठे आम्हाला कळले. दुरुस्तीसोबतच आम्ही फाइलमध्ये एक ओळ वाढवली : नेहमीच्या शब्दाच्या शोधात किमान एक निकाल यायलाच हवा. ती ओळ दुरुस्तीच्याच बदलात असल्यामुळे तपासणाऱ्या सहकाऱ्याने ती वाचली आणि तारखेच्या क्रमाची आणखी एक अट सुचवली. एखाद्या संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी परस्पर केलेला बदल असा चार डोळ्यांखालून जात नाही. ग्राफक्यूएल या एपीआयच्या प्रकारात तर चूक होऊनही कोड बहुधा २०० च येतो आणि खरी हकीकत उत्तरातल्या ‘एरर्स’ या भागात असते. तिथे मजकूर तपासल्याशिवाय गत्यंतरच नाही.

नवख्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. कर्ल १९९८ पासून आहे आणि जवळपास सगळीकडे सापडतो, पण त्याला ‘फेल’ हा पर्याय दिला नाही, तर सर्व्हरने ५०० हा बिघाडाचा कोड पाठवला तरी तो शून्य हा एक्झिट कोड (संपताना प्रोग्राम देतो तो आकडा) देतो, म्हणजे काम फत्ते झाल्याचेच कळवतो. तो पर्याय दिल्यावर ४०० आणि त्यापुढच्या, म्हणजे चुकीच्या, स्टेटस कोडांना २२ हा एक्झिट कोड मिळतो. कमाल वेळेची मर्यादाही आपणच घालायची असते, नाहीतर अडकलेली विनंती तशीच लटकून राहते.

प्रतिसाद ३ (असहमत)

आमच्याकडे एपीआय तपासणारे सगळे प्रोग्रामर नाहीत. त्यांना बटण, इतिहास आणि नीट मांडलेला जेसन (एपीआयच्या उत्तरातील माहितीची मांडणी) लागतो. त्यांच्यावर टर्मिनल लादणे हा साधेपणा नव्हे. आणि टोकनचे, म्हणजे एपीआय वापरण्यासाठीच्या गुप्त किल्लीचे, काय? साध्या फाइलमध्ये टोकन लिहून ती रेपॉझिटरीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. नंतर ती ओळ पुसली, तरी इतिहासात टोकन राहतेच; ते रद्द करून नवे काढावे लागते.

धागाकर्ता

२८८ ऑर्डरींचा आक्षेप मला मान्य आहे. फाइली दोन असाव्यात, आणि देखरेखीच्या फाइलमध्ये केवळ वाचणाऱ्या विनंत्या असाव्यात. टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (फाइलबाहेर, यंत्राच्या सेटिंगमध्ये ठेवलेल्या नावाच्या किमतीतून) घ्यावे, फाइलमध्ये केवळ त्याचे नाव असावे. बटण हवे असणाऱ्यांसाठी ब्रुनोसारखे साधन आहे. त्याला पडदा आहे, तरी विनंत्या साध्या फाइलींतच साठतात. मात्र अपेक्षा कोडशेजारी राहाव्यात, या मुद्द्यावरून मी हटणार नाही.

प्रतिसाद १

दोन फाइली मान्य केल्यात, हे चांगले झाले. आता देखरेखीच्या जागेकडे वळतो. तुमचे क्रॉन ज्या यंत्रावर आहे, त्याच यंत्रावर एपीआय असेल, तर दोघे एकत्रच बंद पडतील आणि कुणालाही अलर्ट जाणार नाही. यंत्र वेगळे असले तरी एकाच ठिकाणाहून पाहताना एपीआय बंद आहे की आपलेच नेटवर्क, हे सांगता येत नाही. वेळेचेही तसेच. ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन म्हणजे ३० दिवसांत फक्त ४३ मिनिटे १२ सेकंद बंद राहण्याची मुभा. पण दर पाच मिनिटांनी पाहणाऱ्याला चार मिनिटांचा खंड दिसेलच असे नाही. असे दहा खंड हुकले, तर जवळपास सगळी मुभा संपलेली असते आणि तुमची नोंदवही कोरी असते.

धागाकर्ता

फेरी दर मिनिटाला लावता येते, क्रॉनला ते जमते. यंत्र बंद पडण्यावर उपाय असा, की प्रत्येक फेरीच्या शेवटी दुसऱ्या ठिकाणी एक हाक पाठवायची, आणि पंधरा मिनिटे हाक आली नाही तर त्या दुसऱ्या ठिकाणाने अलर्ट द्यायचा.

प्रतिसाद १

ते ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे दुसरे साधन झाले, जे कुणीतरी उभे करायचे आणि सांभाळायचे. मग शीर्षकातील प्रश्नाला तुमचे उत्तर अजूनही ‘होय’ आहे का?

धागाकर्ता

चाचणीपुरते होय. देखरेखीपुरते ‘पुरेशी’ हा शब्द मी मागे घेतो : काय तपासायचे ते फाइल सांगेल, पण ती चालली की नाही हे तिच्याबाहेरच्या कुणीतरी पाहायला हवे. माझ्या स्वतःच्या मांडणीत ती हाक आजवर नव्हती. आज रात्री जोडतो आणि क्रॉन मुद्दाम बंद करून अलर्ट किती मिनिटांनी येतो, ते इथे लिहितो.