इन्सेप्शनचा शेवट: कॉब घरी पोचला का?

निशिगंधा
काल धाकट्या भावासोबत 'इन्सेप्शन' परत पाहिला. पडदा काळा झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे स्वप्नच ना?" जेवणं होईपर्यंत आमचा वाद चालू होता. दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरून गुपितं चोरणारा कॉब शेवटी मुलांकडे घरी येतो, टेबलावर भिंगरी फिरवतो. (भोवरा म्हणतात सगळे, पण दोरी नाही, बोटांनी फिरवायची भिंगरीच ती.) स्वप्नात ती फिरतच राहते, जागेपणी पडते. इथे ती जराशी डगमगते आणि चित्रपट संपतो.

माझ्या मते तो जागा आहे. भिंगरी सोडा, त्याचा डावा हात बघा. स्वप्नांत बोटात लग्नाची अंगठी असते, जागेपणी नसते. शेवटी विमानतळावर पासपोर्ट देताना बोट मोकळं आहे.

भटक्या
अंगठीचा मुद्दा मलाही पटायचा, आता नाही. अंगठी एवढंच सांगते की कॉबला स्वतःला काय वाटतंय. ज्या स्वप्नाला तो स्वप्न म्हणून ओळखतो तिथे ती बोटात येते. ज्याला तो जाग समजतोय तिथे कशाला येईल?

मोम्बासा शहरातला प्रसंग आठवा. झोपेची औषधं बनवणाऱ्या युसुफकडचं औषध घेऊन तो झोपतो, दचकून उठतो, तोंडावर पाणी मारतो, घाईघाईने भिंगरी फिरवायला जातो आणि ती हातातून निसटून खाली पडते. तेवढ्यात त्याला कामगिरी देणारा सायतो येतो. परीक्षा अर्धवटच राहिली! त्यानंतर थेट शेवटच्या टेबलापर्यंत एकही परीक्षा पूर्ण झालेली दिसत नाही.

निशिगंधा
मग मुलांचं काय? आठवणीत ती कायम पाठमोरी, शेवटी चेहरे दिसतात. श्रेयनामावलीत दोन मुलांसाठी चार बालकलाकार आहेत, त्यांतली एक जोडी वयाने मोठी. आठवणीतली मुलं अशी वाढत नाहीत.

सांजवात
दिग्दर्शक नोलनने २०१५ साली प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीदानाच्या आदल्या दिवशीच्या 'क्लास डे'ला याबद्दल सांगितलंय: कॉब मुलांपाशी गेला, त्याला आता खऱ्या-खोट्याची पर्वा उरलेली नाही. तिथेच विषय संपतो.

अरुंधती
नाही संपत. पर्वा नाही म्हटलं की कॉबच्या बायकोवर, मॅलवर अन्याय होतो, आणि हे मला फार लागतं. स्वप्नांच्या तळाशी ती दोघं पन्नास वर्षं राहिली. तिथे तिने ही भिंगरी तिजोरीत कुलूपबंद करून ठेवली होती. कॉबने तिजोरी उघडली, भिंगरी फिरवली, आणि 'हे जग खरं नाही' हा विचार बायकोच्या मनात पेरला. जागी झाल्यावरही तो तिच्या मनातून गेला नाही. हेही स्वप्नच, मेलं की जाग येईल, असं समजून तिने हॉटेलच्या खिडकीतून उडी मारली. तिच्यासाठी खरं काय हा जिवाचा प्रश्न होता. मुलांना उचलून घेताना कॉब तो सोडून देईल, त्याचं समजू शकते. आपण का सोडायचा?

मॅलचं म्हणणं खरं असेल तर ती वरच्या, खऱ्या जगात कुठेतरी जागी आहे, मुलांना घेऊन नवऱ्याच्या उशाशी बसलेली. नसेल तर ती कायमची गेली. या दोन गोष्टी सारख्या कशा असतील?

भटक्या
असा विचार मी कधी केला नव्हता. माझ्या हिशेबात स्वप्न मोम्बासाला सुरू होतं, म्हणजे मॅल त्याआधीच गेलेली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते तिच्या उडीच्याही आधी सुरू व्हायला हवं. मग चित्रपटाच्या सुरुवातीला भिंगरी पडते ती कशी?

अरुंधती
कॉबचा साथीदार आर्थर टोळीत नव्याने आलेल्या एरियाडनेला काय सांगतो ते पुन्हा ऐका. भिंगरीसारखी खूण, जिचं वजन फक्त मालकाला माहीत असतं, जवळ असली की आपण दुसऱ्याच्या स्वप्नात नाही, एवढीच खात्री पटते. स्वतःच्या स्वप्नाबद्दल तो काहीच म्हणत नाही. आणि त्या भिंगरीचं वजन कॉबला पाठ आहे. त्याच्या स्वतःच्या स्वप्नात ती पडूही शकते.